प्रतिसाद: खुलभर दूध
घरात रोजची साग्रसंगीत पूजा होत नसेल तर मुलांवर श्रद्धेचे संस्कार होणार तरी कसे, हा आपला प्रश्न रास्त आहे. मात्र मला त्याचे उत्तर देवघरापेक्षा स्वयंपाकघरात अधिक सापडते. श्रावणी सोमवारी ठाण्यात कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन मासुंदा तलावाच्या काठाने परतताना आई आम्हांला खुलभर दुधाची कहाणी सांगत असे. राजाच्या हुकमावरून घरोघरचे सारे दूध देवळात ओतले गेले, तरी गाभारा भरला नाही. आणि जिने आधी मुलाबाळांना जेवू घातले, गाईवासरांना चारा दिला, त्या म्हातारीच्या खुलभर दुधाने तो भरला. लहानपणी मला त्यातला चमत्कारच तेवढा आवडे. पुढे ध्यानात आले की, आई लोकलच्या गर्दीतून कितीही उशिरा परतली, तरी सर्वांची पाने वाढल्याशिवाय आणि गॅलरीतल्या मांजरीची वाटी भरल्याशिवाय (त्या मांजरीवर वडिलांचा राग होता, हा भाग वेगळा) स्वतः घास घेत नसे. कहाणीचा अर्थ तिने कधीच समजावून सांगितला नाही. आता माझी मुलगी विचारते, ‘राजाने वासरांना उपाशी का ठेवले?’ उत्तर देण्याची मी घाई करत नाही; दूध तापले की पहिला पेला ती न सांगता आजीसमोर नेऊन ठेवते.