कारखान्यातून वर्गाकडे: इंजिनिअरिंग मॅनेजमेंट शिकवायचं आहे, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

प्रॉडक्शन इंजिनिअर म्हणून सुरुवात केली, मग प्लॅनिंग, आणि सध्या प्लँटची जबाबदारी आहे. आता पूर्णवेळ शिकवण्याकडे वळायचं मनात पक्कं झालं आहे. पीएचडी नाही. कायम नेमणुकीला अनेक ठिकाणी ती मागतात, व्हिजिटिंग फॅकल्टी किंवा 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' (उद्योगातल्या अनुभवावर नेमलेला शिक्षक) म्हणून तिच्याशिवायही वाव असतो, एवढं ठाऊक आहे. उशिरा पीएचडी केलेल्यांना विचारायचं आहे: आधी शिकवायला लागावं की आधी नोंदणी करावी? माझा कल शिकवण्याकडे आहे, कारण संशोधनाचा प्रश्न वर्गातच सापडेल असं वाटतं.

पण जास्त विचार पडला आहे तो शिकवायचं कसं याचा.

प्रकल्पाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत, म्हणजे पर्ट, तिचंच घ्या. 1958 च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ही पद्धत तयार झाली. कमीत कमी, बहुधा लागणारा आणि जास्तीत जास्त असे वेळेचे तीन अंदाज घ्यायचे, मधल्याला चौपट वजन द्यायचं, बेरजेला सहाने भागायचं. 4, 6 आणि 14 दिवस असतील तर उत्तर 7. मुलं हे चुटकीसरशी सोडवतील. पण ते 4, 6, 14 आले कुठून? सुपरवायझर दिवस वाढवूनच सांगतो, कारण मागच्या उशिराची बोलणी त्यानेच खाल्लेली असतात. आपण त्याचे दिवस कापले की पुढच्या वेळी तो आणखी वाढवून सांगतो. माझ्या मते खरं मॅनेजमेंट इथून सुरू होतं, आणि नेमकं हेच फळ्यावर मांडता येत नाही.

ज्यांनी अजून कुणाच्या हाताखाली काम केलेलं नाही, त्या मुलांपर्यंत हे कसं पोचवता? केस स्टडी पुरते का? वर्गातच भूमिका वाटून देऊन अंदाज मागवण्याचा प्रयोग कुणी केला आहे का? आणि अशा निर्णयांना गुण कसे देता? दोन मुलांनी उलट निर्णय घेतले आणि दोघांचीही कारणं पटण्यासारखी असली तर?

आणखी एक. माझ्याकडची चांगली उदाहरणं कंपनीतलीच आहेत. नावं आणि आकडे बदलून ती वापरली तर चालतं, की लेखी परवानगी घ्यावीच लागते? मी परवानगी मागणारच आहे, पण नाही मिळाली तर काय करता येईल?

कुणी आपल्या पहिल्या सत्राचं वेळापत्रक किंवा एखादी असाइनमेंट दाखवू शकलं तर फार मदत होईल.