बुधवारचा सुटा अंक घ्यायचा की संग्रहाची वाट पाहायची?

एडिसनकर (न्यू जर्सी)

गेली चौदा वर्षं दर बुधवारी ऑफिस सुटलं की मी आधी कॉमिक्सच्या दुकानात जातो, मग घरी. अमेरिकेत सुपरहिरोंचे नवे अंक बुधवारी येतात. दुकानात माझ्या नावाचा खण आहे. मी सांगून ठेवलेल्या मालिकांचे अंक त्यात आपोआप पडतात. परवा दुकानदार म्हणाला, असे खण ठेवणारी माणसं कमी कमी होत चालली आहेत. ओळखीतल्या मराठी वाचकांना विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, "थांबतो रे, संग्रह आला की एकदम वाचतो." संग्रह म्हणजे मालिकेचे पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं पुस्तक. मला हे थांबणं पटत नाही, म्हणून हा धागा काढला.

आधी व्यवहार सांगतो. आपल्याकडे पेपरवाला न खपलेले अंक परत करतो. कॉमिक्सचंही पूर्वी असंच होतं. १९७०च्या दशकात ब्रुकलिनमधल्या फिल स्यूलिंग नावाच्या शिक्षकाने प्रकाशकांशी वेगळा सौदा केला: आम्हाला सूट जास्त द्या, आम्ही अंक परत करणार नाही. त्या पद्धतीवर कॉमिक्सची स्वतंत्र दुकानं उभी राहिली, पण जोखीम दुकानदाराच्या गळ्यात पडली ती पडलीच. अंक निघायच्या दोन-तीन महिने आधी यादी येते आणि आकडा पक्का करायची मुदत साधारण तीन-चार आठवडे आधी संपते. अंक न बघता सांगायचं, किती हवेत ते. उरले ते सहसा त्याच्याच बोकांडी.

प्रकाशक याच आकड्यांकडे बघून मालिकेचं भवितव्य ठरवतो. चौथ्या-पाचव्या अंकाला मागणी घसरली की गुंडाळायची बोलणी सुरू होतात, आणि तेव्हा पहिला संग्रह छापूनही झालेला नसतो. थांबणाऱ्या वाचकाचं प्रेम पोचतं, पण वेळ टळून गेल्यावर.

त्यात १४ जानेवारी २०२५ ला डायमंड या वितरकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९०च्या दशकाच्या अखेरपासून २०२० पर्यंत अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक दुकानाचा माल याच कंपनीकडून यायचा. २०२० मध्ये सुपरमॅन-बॅटमॅन छापणारी डीसी बाहेर पडली, २०२१ मध्ये स्पायडर-मॅन छापणारी मार्व्हल वितरणासाठी पेंग्विन रँडम हाउसकडे गेली. छोट्या प्रकाशकांचा न विकलेला माल डायमंडच्या गोदामात होता आणि तोच विकून कर्ज भागवायचा घाट घातला गेला. अशा दिवसांत दुकानाच्या हातात खात्रीचं काही असेल तर ते म्हणजे बुधवारी येणारं गिऱ्हाईक.

आणि हे दुकानाच्या भल्यासाठीच म्हणतोय असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' घ्या. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेत्तो. यातला पीटर पस्तिशीचा आहे, मेरी जेनशी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. अंकल बेन जिवंत आहेत, आंट मे गेली आहे. शक्ती मिळते ती या वयात. आणि गोष्टीतला महिना आपल्या महिन्याबरोबर चालतो. दोन अंकांमध्ये आपले तीस दिवस गेले तर पीटरच्या घरातही गेलेले असतात. ही मालिका मी महिन्या-महिन्याने वाचली. माझ्या भावाने सहा अंक एका रात्रीत संपवले आणि म्हणाला, "काही घडतच नाही यात." त्याने वाट पाहिलीच नाही, तर त्याला काय दिसणार?

वेताळटेकडी (पुणे)

एडिसनकर, कळकळ पोचली. तरी साफ असहमत.

सुटा अंक ३.९९ किंवा ४.९९ डॉलरला. आत गोष्टीची वीस-बावीस पानं. वाचायला पंधरा मिनिटं. ४.९९चे सहा अंक धरले तर जवळपास ३० डॉलर, आणि तीच सहा अंकांची गोष्ट संग्रहात अठरा-वीस डॉलरला, जाहिराती नाहीत, कपाटात उभी राहते. वाचकाने दहा डॉलर जास्त द्यायचे, का तर प्रकाशकाला घाई आहे म्हणून?

मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलो. ली फॉकचा फँटम आमचा वेताळ होता, कवटीची गुहा आम्हाला आमच्या टेकडीवरच्या खाणीत दिसायची. बहुतेक वेळा एका अंकात गोष्ट पुरी व्हायची. अंक मिटला की पोट भरायचं. आजचे लेखक गोष्ट बेततात तीच मुळी पाच-सहा अंकांचा एक संग्रह होईल अशी. पहिल्या अंकात नायक खिडकीपाशी उभा, तिसऱ्यात भांडण, सहाव्यात निकाल. गोष्ट संग्रहासाठी लिहायची आणि विकायची मात्र तुकड्या-तुकड्याने, हा दोष वाचकाच्या माथी मारू नका.

आणि आमच्यासारख्यांनी काय करावं? पुण्यात बुधवारी जावं असं दुकान माझ्या पाहण्यात नाही. बाहेरून येणारा संग्रहच परवडता परवडत नाही. मी मार्व्हलच्या अॅपवर वाचतो. नवा अंक साधारण तीन महिन्यांनी तिथे येतो. तीन महिने थांबणं मला जड जात नाही.

गल्ल्यामागची (शिकागोजवळ, मूळची नागपूरची)

मी चार वर्षांपासून शनिवार-रविवार एका दुकानात काम करते. मंगळवारी संध्याकाळी खोके फोडायला माणूस कमी पडला तर तेव्हाही जाते. खोकं फोडायचं, यादीशी अंक ताडून पाहायचे, कोपरे दुमडलेले वेगळे काढायचे आणि त्यांची तक्रार लगेच नोंदवायची. मग प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत, पाठीला पुठ्ठा, चिकटपट्टी मागच्या बाजूला, कारण पुढे लावली तर अंक काढताना मुखपृष्ठ फाटतं. मग नावानिशी खण भरायचे. रात्रीचे दहा वाजतात.

एडिसनकरदादा, खणांबद्दल एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. कितीतरी लोक खण ठेवतात आणि येतच नाहीत. एकाचे साठच्या वर अंक साठले होते, सगळे पक्क्या मागणीचे, मालकाने पैसे भरलेले. फोन उचलत नव्हता. शेवटी ते अंक एक डॉलरच्या खोक्यात गेले. म्हणून मी म्हणते, खण ठेवलात तर महिन्यातून एकदा तरी या, आणि एखादी मालिका नको झाली तर लाजू नका, सांगा. आम्हाला राग येत नाही. न सांगितल्याने नुकसान होतं.

आता वेताळटेकडी यांच्यासाठी. किंमत जास्त आहे, मान्य. पण दुकानाचा खरा जीव जातो तो निरनिराळ्या मुखपृष्ठांमुळे. आत गोष्ट तीच, वर चित्र वेगळं, याला आम्ही व्हेरियंट म्हणतो. काही व्हेरियंट प्रमाणावर मिळतात: साध्या मुखपृष्ठाच्या पंचवीस प्रती घ्या, तर एक खास प्रत मागवता येईल. कुठे पन्नासाला एक. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाला एका पडेल मालिकेचं पंचविसाला एकवालं मुखपृष्ठ हवं होतं. ती मालिका आमच्याकडे सहाजण वाचतात. मालकाने पंचवीस घेतल्या. खास प्रत चांगल्या भावात गेली, सहा वाचकांना सहा दिल्या, एकोणीस उरल्या. आणि प्रकाशकाकडे नोंद काय झाली? पंचवीस. पुढच्या महिन्यात त्यांना वाटणार मालिका जोरात आहे.

तेव्हा मागणीच्या आकड्यांवरून वाचक मोजता येतात हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे, दादा.

गिरगावकर नाना (मुंबई)

मी १९९१ ते ९५ न्यू यॉर्कला नोकरीला होतो, म्हणून लिहितो. 'अंक घ्या, नाहीतर दुकान मरेल' याच्या आधीची पायरी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा म्हणायचे, 'अंक घ्या, श्रीमंत व्हाल.'

१९९१ ला जिम ली यांनी चितारलेला 'एक्स-मेन'चा पहिला अंक आला. पाच निरनिराळी मुखपृष्ठं, त्यातली चार शेजारी ठेवली की एक मोठं चित्र व्हायचं. ऐंशी लाखांवर प्रती दुकानांनी उचलल्या. लक्षात घ्या, दुकानांनी उचलल्या. वाचकांनी किती वाचल्या, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

नोव्हेंबर १९९२ ला सुपरमॅन मेला. पंच्याहत्तरावा अंक, काळी पिशवी, त्यावर रक्त ओघळणारं लाल चिन्ह, आत दंडाला बांधायची काळी फीत. मी थंडीत दीड तास रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांनी दहा प्रती घेतल्या, मुलाच्या कॉलेजच्या खर्चासाठी म्हणून. पिशवी फोडायची नाही असं त्यांनी मुलाला बजावलं. तो पोरगा आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याला सुपरमॅनचं काय झालं ते बघायचं होतं. तो पिशवीवरून बोट फिरवत राहिला. मला ते अजून दिसतं.

जी वस्तू लाखो लोक जपून ठेवतात तिला भाव कसा येणार? पुढच्या वर्षी सुपरमॅन परत आला, दुकानांनी पुन्हा भरमसाट अंक मागवले, ते पडून राहिले. कितीतरी दुकानांना कुलपं लागली. डिसेंबर १९९६ ला खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

एडिसनकर, तुम्ही वाचनासाठी घेता, म्हणून तुम्हाला दोष देत नाही. पण माझं मत असं, की वाचकाने कर्तव्य म्हणून एकही अंक विकत घेऊ नये. आम्ही तेव्हा लोभाने घेतले, तुम्ही आता काळजीने घ्यायला सांगता. दोन्ही वेळा प्रकाशकाला एकच दिसतं: माल उचलला गेला. मग तो चांगलं काम कशाला करेल?

टोरंटोची आई

मला यातला वेगळाच भाग बोचतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि दिवसाला एका कॉमिकचा फडशा पाडते. डेव्ह पिल्की, रेना टेल्गेमायर अशा मुलांसाठी कॉमिक्स काढणाऱ्यांची पुस्तकं. शाळेतल्या पुस्तक-जत्रेतून आणि वाचनालयातून. कॉमिक्सच्या दुकानात तिला एकदा घेऊन गेले, तर तिने स्पायडर-मॅन मागितला. समोर चार वेगवेगळ्या मालिका होत्या. एकीवर दोन क्रमांक छापलेले, एक नव्या मोजणीचा, एक जुन्या. "पहिला कुठला?" असं तिने विचारलं. तिथल्या माणसाने मनापासून समजावलं, पण उत्तर दहा मिनिटं चाललं. ती पुन्हा यायचं म्हणाली नाही.

तुम्ही सगळे आहे त्या गिऱ्हाइकाची वाटणी करताय. माझ्या मुलीने दुकानात का यावं?

गल्ल्यामागची

ताई, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आणा तिला. त्या दिवशी अंक फुकट असतात. कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्डच्या जो फील्ड या दुकानदाराने ही कल्पना मांडली. पहिला असा दिवस ४ मे २००२ ला झाला, स्पायडर-मॅनचा सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी. लोक म्हणतात, आवळा देऊन कोहळा काढतात. तसं नाही हो. ते अंक दुकानाला फुकट नसतात, प्रत्येक प्रतीचे थोडे का होईना पैसे मालक भरतो. मागच्या खेपेला मी दाराशी मुलांच्या अंकांचं टेबल सांभाळत होते. एक मुलगा तिथेच फरशीवर बसून वाचायला लागला, बापाने दोनदा हाक मारली तरी उठेना. मालकाने बापालाच खुर्ची आणून दिली.

पण क्रमांकांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. दर दीड-दोन वर्षांनी 'पहिला अंक' काढायची सवय प्रकाशकांनी सोडली तर आमचं निम्मं समजावणं वाचेल.

एडिसनकर

सगळ्यांचं दोनदा वाचलं. नाना, तो मुलगा आता माझ्या डोळ्यांसमोरूनही जात नाही. माझं एक वाक्य मागे घेतो: दुकान वाचवायला अंक घ्या, असं म्हणणार नाही. व्हेरियंटचा हिशेब मला इतका नीट ठाऊक नव्हता.

पण सुट्या अंकाची बाजू सोडत नाही. ऑक्टोबर २०२४ ला 'अॅब्सोल्यूट बॅटमॅन' सुरू झाली, स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांची. यात ब्रूस वेनकडे वाडा नाही, पैसा नाही. बाप शिक्षक होता, तो मारला गेला, आई जिवंत आहे. छातीवरचं वटवाघूळ निघतं आणि कुऱ्हाडीचं पातं होतं. ड्रॅगोटाने अंगापिंडाने एवढा राक्षसी बॅटमॅन काढलाय की चौकटीत मावत नाही. पहिला अंक संपला आणि पुन:पुन्हा छापावा लागला. त्या बुधवारी आमच्या दुकानात पाच अनोळखी माणसं अर्धा तास त्या कुऱ्हाडीवर वाद घालत उभी होती. एकाला ती आवडली नव्हती, त्याने हे बॅटमॅनला शोभत नाही असं जीव तोडून सांगितलं. कुणालाच पुढचं माहीत नव्हतं, म्हणून तो वाद झाला. संग्रह वाचणाऱ्याला गोष्ट मिळेल, तो अर्धा तास मिळणार नाही.

टोरंटोच्या ताई, मुलीला 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'चा पहिला खंड नका देऊ, तो मोठ्यांचा आहे.

वेताळटेकडी

त्या अर्ध्या तासाचा हेवा वाटला, हे कबूल करतो. आम्ही वेताळावर असाच वाद वाचनालयाच्या पायरीवर घालायचो, आणि अंक एकच असायचा, सातजणांत. सगळ्यांनी एक-एक विकत घेतला असता तर तो वाद झाला असता असं मला वाटत नाही.

मी संग्रहच घेणार. 'अॅब्सोल्यूट बॅटमॅन'चा पहिला खंड आज मागवतोय. वाचून झाला की कुऱ्हाडीबद्दल इथेच लिहितो, कारण वर्णनावरून तरी मी त्या नाराज माणसाच्या बाजूने आहे.