'ऋग्वेद'ला इंग्रजी यमक कुठून आणायचं?

प्रश्न असा आहे: भाच्याचं नाव ऋग्वेद. पासपोर्टवर आर-यू-जी-व्ही-ई-डी. मुलगा लंडनजवळच्या शाळेत चौथीत आहे. वर्गात प्रत्येकाने स्वतःच्या नावावर चार ओळींची इंग्रजी कविता करायची आहे आणि नाव ओळीच्या शेवटी आलं पाहिजे. यमक सुचवणाऱ्या साइटवर नाव टाकलं तर काहीच येत नाही. 'बेड', 'रेड', 'हेड' चालतील का?

कृपा करून हे तीन शब्द घेऊ नका. ते स्पेलिंग बघून सुचले आहेत, नाव ऐकून नव्हे. आपण लाल रंगालाही 'रेड' म्हणतो आणि इन्कम टॅक्सच्या धाडीलाही 'रेड'च म्हणतो, कारण देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा आहे. इंग्रज कानाला मात्र हे दोन अगदी वेगळे स्वर आहेत. लाल रंगातला 'ए' आखूड आणि तुटक, धाडीतला लांब आणि शेवटी किंचित 'इ'कडे झुकणारा. आपल्या 'वेद'मधला 'ए' धाडीच्या बाजूचा आहे. वर्गात 'बेड'शी जुळवलेली कविता एकदा पाठ झाली की त्या मुलाचं नाव पुढे कित्येक वर्षं 'रगव्हेड' राहील.

मला या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. यमक नावाचा उच्चार बांधून टाकतं. इंग्रज कवी बायरनने 1819 साली 'डॉन जुआन' हे दीर्घकाव्य छापायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच कडव्यात नायकाचं नाव 'न्यू वन' आणि 'ट्रू वन' यांच्याशी जुळवलं. मूळ स्पॅनिश उच्चार 'ह्वान'च्या जवळचा. पण ते कडवं वाचणाऱ्या कुणालाही आजही 'जू-अन' असंच म्हणावं लागतं, नाहीतर यमक मोडतं. एका कवीने केलेली ही जुळणी दोनशे वर्षं टिकून आहे. तीच ताकद आपल्या बाजूने वापरता येते: यमकाचा शब्द असा निवडायचा की तो म्हणताना मुलांच्या तोंडून नावही बरोबरच निघेल.

म्हणून शोध नावाच्या ध्वनीपासून सुरू करायचा. नाव कोशात नसेल तर त्याच शेवटाचा ओळखीचा शब्द यमक-साइटवर टाकायचा. 'ऋग्वेद'साठी 'परेड' टाका, किंवा 'केला, बनवला' या अर्थाचा 'मेड'. अशा साधनांच्या मागे बहुधा उच्चारकोश असतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मोफत कोशात 1,34,000 हून अधिक शब्द 39 ध्वनींत मांडले आहेत आणि कुठल्या अवयवावर (शब्दाच्या एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) आघात, म्हणजे जोर, आहे तेही नोंदवलं आहे. तो कोश उत्तर अमेरिकेच्या उच्चारांचा आहे, एवढं ध्यानात ठेवा. जुनी पद्धत वेगळी होती. जॉन वॉकरने 1775 साली केलेल्या कोशात शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावले होते, म्हणजे तोही स्पेलिंगवरच चालायचा, आणि इंग्रजीत स्पेलिंग फसवतं. 'सेड' (म्हणाला) आणि 'मेड' (मोलकरीण) यांच्या शेवटची तीन अक्षरं तीच आहेत, पण यमक होत नाही. 'फसाड'चा शेवट 'परेड'सारखाच लिहितात, म्हणताना 'आड' म्हणतात.

आता शब्द. शेड, ग्लेड, स्पेड, जेड, ब्रेड (वेणी, पाव नव्हे), परेड, ब्रिगेड, लेमनेड, होममेड. भूतकाळी क्रियापदांची तर रेलचेल आहे: प्लेड, स्टेड, प्रेड, स्वेड, ओबेड, डिलेड. आणि माझ्या मते सगळ्यात देखणा शब्द 'अनअफ्रेड', न घाबरणारा. नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाशी तो जोडला गेला तर त्यालाही आवडेल. 'डेकेड' टाळा, त्यात बहुतेक जण पहिल्या अवयवावर जोर देतात.

कुणी म्हणेल, 'वेद'चा द दंत्य आहे आणि 'परेड'चा ड. आपल्या कानाला ते खटकतं, आणि खटकायलाच हवं. इंग्रजीत मात्र हा भेद अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्या कानाला हे पूर्ण यमक वाटतं. इथे इंग्रजीच्या कानाने चालायचं.

'इन्व्हेड', 'इव्हेड', 'पर्व्हेड' मात्र मी घेणार नाही. त्यात 'व्हेड' जसाच्या तसा येतो, आणि इंग्रजी यमकाला स्वर व त्यापुढचं सगळं सारखं हवं असलं तरी स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. तेच व्यंजन पुन्हा आलं की ऐकणाऱ्याला कवीचे शब्द संपल्यासारखं वाटतं. आपल्याकडे याच्या बरोबर उलट परंपरा आहे. अलंकारशास्त्रात यमक म्हणजे तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा येणं, आणि मोरोपंतांनी (1729–1794) त्यावर हुकमत गाजवली. आपल्याकडचा अलंकार तिकडे उणीव ठरतो, हे मराठी माणसाने इंग्रजीत लिहिताना विसरू नये.

दुसरा फरक आघाताचा. मराठी कवितेत 'येते–जाते' एवढं जुळलं तरी कानाला पुरतं. इंग्रजीत 'रनिंग–स्लीपिंग' हे यमक नाही. तिथे शेवटच्या आघाताच्या स्वरापासून पुढचं सगळं जुळावं लागतं, म्हणून 'वॉकिंग'ला 'टॉकिंग'च हवं. 'ऋग्वेद'मध्ये आपण दोन्ही अवयव जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो, पण इंग्रज मूल सवयीने पहिल्यावर जोर देईल, आणि मग 'परेड' असूनही यमक लंगडेल. उपाय ओळीच्या रचनेत आहे. नावाच्या अगदी आधी जोराचा एका अवयवाचा शब्द ठेवा, म्हणजे 'ऋग्' आपोआप दबतं आणि ठेका 'वेद'वर पडतो:

हू वॉज लेट फॉर द परेड?
नॉट ऋग्वेद!

'नॉट'वर एक ठेका, 'वेद'वर दुसरा. मोठ्याने म्हणून बघा, 'वेद' आखूड करायला जीभ तयारच होत नाही.

राहिला 'रुग्'. शेवटच्या यमकाने पहिला अवयव वाचत नाही, आणि इंग्रजी वाचणारा यू पाहून सतरंजीचा 'रग'च म्हणणार. तिथे स्वरसाम्य कामाला येतं. 'गुड', 'लुक', 'बुक', 'टुक' यांत आपल्याला हवा तोच ऱ्हस्व उ आहे. यातला एखादा शब्द त्याच ओळीत नावाच्या मागे ठेवा: 'टेक अ लुक, ऋग्वेद'. शिक्षकांना हे एकदा वाचून दाखवलं तर बरंच काम होईल.

याच निमित्ताने आणखी दोन नावं विचारली आहेत, त्यांच्याबद्दल थोडक्यात.

'अथर्व'चं यमक स्पेलिंगच्या शेवटी ए आहे की नाही यावर ठरतं. नसेल तर सर्व्ह, नर्व्ह, कर्व्ह, स्वर्व्ह आणि उत्साहाचा 'व्हर्व्ह' असा भरपूर साठा आहे. ए असेल तर शब्द फार थोडे, पण त्यातला एक सुंदर आहे: मिनर्व्हा, रोमनांची विद्येची देवता. मी असते तर ए ठेवला असता आणि तीच निवडली असती.

'ईशान'चं उत्तर मूल कुठे राहतं त्यावर बदलतं. लंडनच्या उच्चारात 'बार्न' आणि 'यार्न'मधला र म्हणतच नाहीत, त्यामुळे 'शान'शी ते नेमके जुळतात. न्यू जर्सीत तो र ठणठणीत ऐकू येतो आणि यमक जातं. पण तिथे 'स्वॉन'मधला स्वर आपल्या 'आ'कडे झुकलेला असतो, म्हणून तिथल्या मुलांना 'ईशान'शी 'स्वॉन' आणि 'अपॉन' जुळवता येतात, जे लंडनला जमत नाहीत. तेव्हा कविता कुठल्या शाळेत वाचली जाणार आहे ते कळवा, मग त्याप्रमाणे ओळी बसवू.