प्रतिसाद: निधी पहिल्या वर्षाला नको, दहाव्याला द्या

वर कुणीतरी म्हटलंय की गरीब देशांत आरोग्यातल्या नव्या कल्पनांना सुरुवातीचा निधी मिळाला की पुढचं आपोआप होतं. कसलं आपोआप! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या आरोग्य-संस्थेचंच बघा. निरक्षर दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला की न्यूमोनियाची शंका. त्यांच्याच घरोघरच्या नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि आशा सेविकांमार्फत देशभर तशी योजना आली २०११ मध्ये! मधली बारा वर्षं प्रशिक्षण, देखरेख, पगार चालवायला पैसा कोण देतं? फीत कापायला मात्र सगळे हजर.