‘इटर्निटी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न साताऱ्यात एम. ए. करणाऱ्या एका मुलीचा आहे: ‘काका, अनुवाद करताना ‘इटर्निटी’ आला की दर वेळी ‘अनंतकाळ’ लिहिलं तर चालेल का?’

दर वेळी नाही चालणार. या शब्दाच्या पोटात दोन वेगळे अर्थ आहेत. एक, कधीच न संपणारा काळ. दुसरा, जिथे काळच लागू होत नाही अशी स्थिती. सहाव्या शतकातल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने हा भेद नेमका मांडला. नुसतं न संपणं वेगळं आणि अमर्याद जीवन सगळंच्या सगळं एकाच क्षणी हाती असणं वेगळं; खरी ‘इटर्निटी’ दुसरी, असं त्याचं म्हणणं. पहिल्या अर्थाला ‘अनंतकाळ’ चपखल बसतो. दुसऱ्याला मात्र ‘कालातीत’ किंवा ‘नित्य’ हवा, कारण ‘अनंतकाळ’ म्हटलं की काळ आलाच.

‘चिरंतन’ बरेच जण सुचवतात. तो वापरात रुळलाय हे खरं, पण ‘चिर’ म्हणजे मुळात दीर्घ. चिरंजीव अश्वत्थामाही कल्पाच्या अंतापर्यंतच धरतात, आणि कल्पाला मोजमाप आहे: 432 कोटी वर्षं. आपल्याकडे काळाचे आकडे छाती दडपून टाकतील एवढे मोठे, तरी ते आकडेच. म्हणून ‘युगानुयुगे’, ‘कल्पांतापर्यंत’ हे शब्द भारदस्त असले तरी तत्त्वज्ञानाच्या मजकुरात मी ते टाळीन.

मला सगळ्यात आवडतो तो ‘आचंद्रार्क’. चंद्र आणि अर्क, म्हणजे सूर्य, असेपर्यंत. जुन्या दानपत्रांत, ताम्रपटांत जमीन दिली जायची ती अशी, ‘यावच्चंद्रदिवाकरौ’. हा अर्थ डोळ्यांनी बघायचा असेल तर वाई तालुक्यात किकलीला जा. भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेले दगड. वीरगळ बघायचा खालून वर: तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले. या माणसाची कीर्ती कुठवर टिकावी, ते वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. कवितेत, शौर्याच्या वर्णनात ‘इटर्नल ग्लोरी’ आलं तर ‘आचंद्रार्क कीर्ती’ बिनदिक्कत लिहावं.

मिरजेच्या एका बाईंनी ‘सार्वकालिक’ची आठवण करून दिली, ते बरं झालं. मराठी बायबलात ‘सार्वकालिक जीवन’ असाच शब्द आहे. ख्रिस्ती मजकूर असेल तर दुसरा शब्द शोधूच नये, तिथे लोकांच्या प्रार्थनेतला शब्द आहे तो.

‘शाश्वत’चं दुखणं निराळं. शब्द उत्तम, पण ‘शाश्वत विकास’, ‘शाश्वत शेती’ यांत तो ‘सस्टेनेबल’साठी इतका राबतोय की ‘शाश्वत’ म्हटलं की आता शासकीय योजना आठवते. आत्मा, सत्य, मूल्य यांच्या जोडीला तो अजून शोभतो. तिथे जरूर वापरावा.

बोलण्यातली ‘इटर्निटी’ मात्र यांपैकी कशातच बसत नाही. स्टँडवर स्वारगेटच्या गाडीची वाट बघणारा माणूस ‘अनंतकाळ थांबलोय’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘कवाधरनं हुबा हाय, गाडीचा पत्त्या न्हाय.’ कादंबरीतलं पात्र वैतागून ‘इट टुक ॲन इटर्निटी’ म्हणत असेल तर ‘जन्म गेला’ किंवा ‘युग लोटल्यासारखं वाटलं’ लिहा. आणि दोन प्रेमिकांचं ‘फॉर ऑल इटर्निटी’ असेल तर आपलं ‘जन्मोजन्मी’ आहेच, तिथे ‘अनंतकाळापर्यंत’ अगदी कोरडं वाटतं.

व्युत्पत्तीही सांगून ठेवतो. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या ‘एटर्निटास’वरून आला, त्याच्या मुळाशी ‘एवम्’, म्हणजे आयुष्य, युग. भाषाशास्त्रज्ञ हा ‘एवम्’ आणि संस्कृत ‘आयु’ एकाच धातूचे मानतात. म्हणजे आपलं ‘आयुष्य’ आणि त्यांची ‘इटर्निटी’ एकाच कुळातले.

त्या मुलीने तिचं वाक्यही पाठवावं. मजकूर तत्त्वज्ञानाचा, भक्तीचा की गोष्टीतला, ते कळलं की शब्द नक्की करता येईल.