विषय: मराठी वाहिनीसाठी निवेदन, की इथल्या मराठी कार्यक्रमासाठी?

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य, टोरंटो परिसर

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीत ज्येष्ठांच्या गटाने पुन्हा मागणी केली की, आपल्या मराठी मंडळाने पुढाकार घेऊन एखादी मराठी मनोरंजन वाहिनी इथल्या केबलवर आणावी. अ‍ॅपवर मालिका दिसतात, परंतु त्यांतल्या काही या देशात उघडत नाहीत आणि पासवर्ड, ओटीपी हा प्रकार अनेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. सह्यांची मोहीम सुरू करण्यापूर्वी सर्वांची मते हवी आहेत. इथे बरीच वर्षे काढून आता पुण्यात स्थायिक झालेल्या सभासदांनी तर जरूर लिहावे.

आपला,
कार्यकारिणी सदस्य

प्रेषक: आजीव सभासद, कोथरूड, पुणे

स. न. वि. वि.

ज्येष्ठांची अडचण खरी आहे आणि ती दूर झालीच पाहिजे. तरीही निवेदनातली पहिली मागणी, तुमच्या गावात, तुमच्याच माणसांनी केलेल्या मराठी कार्यक्रमाची असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

माझ्या सासूबाई टोरंटोजवळ मिसिसागाला आमच्याजवळ राहत असताना त्यांच्या टॅबवर पुण्याच्या बातम्या दिवसभर चालू असत. खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडले, भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही, हे त्या आम्हाला जेवताना सांगत. पण फ्लूची लस आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात विनामूल्य मिळते, हे त्यांना कोणीही मराठीत सांगितले नव्हते. शेजारच्या पंजाबी आजींना ते टीव्हीवरून कळले होते. मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून त्या आजीच सासूबाईंना लस घ्यायला घेऊन गेल्या.

पंजाबी समाजाला ही सोय सहजासहजी मिळालेली नाही. टोरंटोत १९७९ साली बहुभाषिक दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले आणि त्यातूनच पुढे ओम्नी ही वाहिनी उभी राहिली. कॅनडाच्या प्रसारण आयोगाच्या १९९९ च्या धोरणानुसार अशा केंद्राच्या प्रक्षेपणात ६० टक्के कार्यक्रम वांशिक समाजगटांसाठी असावे लागतात, आणि किती गटांना किती भाषांत सेवा द्यायची हेही परवान्याच्या अटींतच ठरते. बातमीपत्रांची अट नसली की काय होते, ते २०१५ मध्ये दिसले: खर्च परवडत नाही म्हणून ओम्नीची भाषिक बातमीपत्रे बंद झाली. लोकांनी आयोगापुढे जाऊन आपले म्हणणे मांडले. मग २०१७ मध्ये आयोगाने ही सेवा केबलच्या मूलभूत पॅकेजमध्ये देशभर देणे बंधनकारक केले, ग्राहकामागे दरमहा १२ सेंट ठरवून दिले आणि त्या बदल्यात बातमीपत्रांची अट घातली, तेव्हा कुठे ती परत आली. आइस हॉकीच्या सामन्यांचे पंजाबी समालोचन २००८ पासून होऊ लागले आणि काही वर्षांनी तेही ओम्नीवर आले. पंजाबहून आयात केलेल्या कुठल्याही वाहिनीवर ते कधीच दिसले नसते.

वाहिनी आणण्याविषयी थोडक्यात लिहिते. परदेशी वाहिनी तिथे दाखवायची तर ती आयोगाच्या मंजूर यादीत असावी लागते, त्यासाठी तिच्या वतीने अर्ज करणारा कॅनडातला प्रायोजक लागतो, आणि त्यानंतरही ती घ्यायची की नाही हे वितरक ग्राहकसंख्या पाहून ठरवतो. मालिकांचे हक्क देशागणिक वेगळे विकले जात असल्यामुळे अ‍ॅपवर जे अडते ते वाहिनीवरही अडू शकते. इतकी खटपट करून हाती येणार काय, तर आज अर्धेमुर्धे मिळतेच आहे तेच.

आम्हा पुणेकरांना याचा जुना अनुभव आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे तेच कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्याचा आनंद मोठा होता आणि गल्लीत ज्यांच्याकडे संच असे त्यांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नसे. परंतु त्या पडद्यावर आमच्या पेठांतले पाणी, आमच्या शाळा, आमची मंडई क्वचितच दिसे. मराठी असूनही ते आमच्याविषयी नव्हते, आणि मुंबई तर जेमतेम दीडशे किलोमीटरवर! तुमचे अंतर किती मोठे आहे, याचा विचार करावा.

म्हणून ओम्नीच्या परवान्याच्या पुढच्या सुनावणीत मंडळाने लेखी म्हणणे मांडावे आणि मराठीसाठी निदान अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम मागावा. त्यात डॉक्टरांचा सल्ला असावा, नव्याने आलेल्या कुटुंबांना शाळाप्रवेशाची माहिती असावी, आणि तिथे वाढलेल्या मुलांनी आपल्या आजीआजोबांच्या घेतलेल्या मुलाखती तर हव्यातच. संहिता मराठीत तपासून देण्याचे काम मी पुण्यातून आनंदाने करीन.

आपली,
आजीव सभासद

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य, टोरंटो परिसर

ताई, सविस्तर पत्राबद्दल मनापासून आभार.

स्थानिक कार्यक्रमाची मागणी पहिली ठेवावी, हे मला पटले. वाहिनीची मागणी मात्र मी पूर्णपणे सोडणार नाही, कारण ज्यांचे दिवस घरात एकट्याने जातात त्यांना संध्याकाळची मालिका ही सोबत असते आणि ती अर्धीमुर्धी मिळणे पुरेसे नाही. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात, आपण सुचवलेल्या क्रमाने मांडू. तोवर शनिवारच्या मराठी शाळेच्या वेळेत आमचे तरुण सभासद ज्येष्ठांना अ‍ॅप सुरू करून देतील.

आयोगाकडे जाताना नमुना म्हणून एक भाग तयार असावा, असे वाटते. छायाचित्रण आणि संकलन येणाऱ्या सभासदांनी पुढच्या बैठकीपूर्वी कळवावे. संहितेचा पहिला खर्डा आपल्याकडे पाठवत आहोत.

आपला,
कार्यकारिणी सदस्य