गुलाबी घोडा: युद्धविरोधी चित्रांच्या पॉप प्रिंट्स जमवाव्यात का?

रंगारी_पुणे
गेल्या महिन्यात एक स्क्रीन प्रिंट (जाळीतून रंग दाबून छापतात ती) घेतली. पिकासोच्या 'गेर्निका'चा पॉप अवतार. तोच घोडा, तोच बैल, मेलेलं मूल घेऊन आक्रोश करणारी तीच आई. पण तोंडं सगळी कार्टूनमधली आणि रंग गुलाबी, पिवळा, पोपटी. खाली पेन्सिलीने 37/100, म्हणजे शंभर प्रतींतली सदतिसावी, आणि सही. किंमत इथे लिहीत नाही, कारण घरात अजून सांगितलेली नाही.

परवा जेवायला आलेल्या काकू म्हणाल्या, "छान आहे रे, मुलांच्या खोलीत लाव की." तेव्हापासून डोक्यात भुंगा. 26 एप्रिल 1937 ला, बाजाराच्या दिवशी, स्पेनच्या यादवी युद्धात, हिटलरच्या कोंडोर लीजन या हवाई तुकडीने बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने गेर्निका या उत्तर स्पेनमधल्या बास्क गावावर बॉम्ब टाकले. त्याचं हे चित्र, आणि मुलांच्या खोलीत?

तरीही माझं मत असं की यात गैर काही नाही. मूळ चित्र पुस्तकांत, पोस्टरांवर इतकं पाहिलंय की नजर त्यावरून घसरून जाते. गुलाबी घोड्यापुढे माणूस निदान थबकतो. तुम्हाला काय वाटतं?

बोरूबहाद्दर
थबकतो? तुमच्या काकू तर नाही थबकल्या.

मूळ चित्र सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. पिकासोने त्यात रंग घातलेच नाहीत. त्या आकाराने आणि त्या करडेपणाने माणूस दबतो. सोफ्याच्या वर दोन फुटांत आलं की ती पडद्यांना मॅच होणारी वस्तू होते. आणि शंभरच प्रती का हो? युद्धाविरुद्ध ओरडायचंय तर लाखभर छापा, रस्त्यावर डकवा. 37/100 हा आकडा भाव चढावा म्हणूनच असतो.

मुळाचा वचक बघा. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकवरच्या युद्धाची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रांत आले, तेव्हा सुरक्षा परिषदेबाहेरच्या गेर्निकावर निळा पडदा टाकला होता. कॅमेऱ्यांसाठी साधी पार्श्वभूमी हवी म्हणे! तुमच्या गुलाबी घोड्यावर कोण पडदा टाकणार?

चष्मिष्ट
बोरूबहाद्दर, घोटाळा होतोय. पडदा टाकला तो मूळ चित्रावर नव्हे, प्रतीवर! मूळ तेव्हाही माद्रिदमध्येच होतं. न्यूयॉर्कला आहे ती विणलेली टॅपेस्ट्री, नेल्सन रॉकफेलरने 1955 मध्ये करवून घेतलेली, आणि तिच्यात रंगही तपकिरी आलेत. म्हणजे एका श्रीमंत संग्राहकाच्या, लहान केलेल्या, रंग बदललेल्या प्रतीला घाबरले लोक. तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटला.

नाशिककर_निवांत
आमच्याकडे दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर आहे. प्रती अमर्याद. चालू द्या.

ठसेवाली
मी स्वतः ठसेकाम करते, म्हणून आकड्याबद्दल थोडं. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते. आठ रंग म्हणजे एकाच कागदावर आठ वेळा छपाई, आणि एकदा जरी कागद केसभर सरकला तरी तो बाद. शंभर चांगल्या प्रती निघताना जीव जातो. (इंकजेटवर काढून 'जिक्ले' असं गोंडस नाव देतात, त्याला मात्र हे लागू नाही. तिथे शंभर हा निव्वळ करार.)

आणि मर्यादित प्रती हे पाप असेल, तर पहिला पापी पिकासोच. गेर्निकाच्याच वर्षी त्याने फ्रँकोची टर उडवणारे 'फ्रँकोचं स्वप्न आणि थाप' हे एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने कोरून छापलेलं चित्र) केलं. दोन प्लेट, चौकटी-चौकटींचं, जवळजवळ कॉमिकच. 850 साध्या प्रती आणि 150 जपानी कागदावर. विकून पैसे फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या मदतीला. तेव्हा आकड्यावर राग काढू नका, पैसे कुठे जातात ते विचारा.

बोरूबहाद्दर
टॅपेस्ट्रीचं मान्य, तिथे मी तोंडावर आपटलो. पण ठसेवालीताई, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. रंगारी, तुमचे पैसे कुठे गेले?

आणि पिकासोच्या आधीच्या स्पॅनिश चित्रकार गोयाचं काय? 'युद्धाचे अनर्थ' या मालिकेच्या प्लेट त्याने कोरल्या, पण जिवंतपणी प्रसिद्ध केल्या नाहीत. पहिली आवृत्ती निघाली 1863 मध्ये, त्याला जाऊन 35 वर्षं झाल्यावर. एका प्लेटखाली फक्त 'मी हे पाहिलं' एवढंच. ना गिऱ्हाईक, ना भिंत. याला म्हणतात युद्धविरोधी चित्र.

चष्मिष्ट
त्याच गोयाचं पुढे काय झालं तेही सांगा. त्या प्लेटांवरून 1937 मध्ये, यादवी चालू असतानाच, पुन्हा संच छापला गेला. त्यातला एक चॅपमन बंधू या ब्रिटिश चित्रकारांनी विकत घेतला आणि 2003 मध्ये त्या अस्सल प्रिंट्सवरच बळींना विदूषकाची आणि कुत्र्याच्या पिल्लांची तोंडं रंगवली. मी फक्त फोटो पाहिलेत, तरी ढवळून आलं. गोयाच्या नुसत्या पुनर्मुद्रणाने मला असं कधी झालं नव्हतं, हेही कबूल करतो.

पॉप म्हणजे पोरखेळ हे स्पेनमध्येच खोटं ठरलंय. व्हॅलेन्सियाच्या 'एकिपो क्रोनिका' गटाने 1969 मध्ये गेर्निकात कॉमिकमधला तलवारवाला नायक घुसवला. तेव्हा स्पेनचा हुकूमशहा असलेला फ्रँको जिवंत, आणि मूळ गेर्निका स्पेनमध्ये आणून मिरवायचा त्याच्या सरकारचा बेत चाललेला. त्या वेळी हा विनोद जिवावर बेतला असता.

बोरूबहाद्दर
तेच तर म्हणतोय! त्यांच्या डोक्यावर फ्रँको होता. पुण्यात तुमच्या डोक्यावर फॉल्स सीलिंग.

रंगारी_पुणे
😄 हे लागलं. खरं सांगायचं तर पैसे कुठे जाणार हे मी विचारलंच नाही. सही, आकडा आणि कागद बघितला. चित्रकाराने पिकासोच्या वारसांची परवानगी काढली होती का, तेही नाही विचारलं. आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे पिकासोचा 2033 अखेरपर्यंत. पण विकणार नाही एवढं नक्की. काकूंना त्या गावाची गोष्ट सांगितली. त्या परत उठून गेल्या, आईपाशी बोट ठेवून म्हणाल्या, "मग हिला हसरं तोंड का दिलंय?" मला उत्तर आलं नाही.

ठसेवाली
काकूंना माझ्या स्टुडिओत पाठवा. आणि काच यूव्हीवाली लावा, थेट ऊन नको. फ्लुरोसंट गुलाबी सगळ्यात आधी उडतो. बघता बघता घोडा करडा पडेल.

बोरूबहाद्दर
मग खिडकीसमोरच लावा.